जिवाणूंचे लोहकोठार : बॅक्टेरिओफेरिटिनचा अभ्यास करताना या चुका टाळा

ज्या जिवाणूला लोह मिळत नाही त्याची वाढ थांबते, आणि ज्याच्या पेशीत मोकळे लोह साचते त्याचा डीएनए तुटू लागतो. फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) अवस्थेतील लोह पाण्यात विरघळते, पण श्वसनाच्या ओघात तयार झालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की फेंटन अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो आणि समोर येईल त्या रेणूची मोडतोड करतो. फेरिक (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) अवस्थेतील लोह उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे तशा रूपात ते पेशीच्या उपयोगाचे राहत नाही. या दुहेरी अडचणीवर जिवाणूंनी काढलेली तोड म्हणजे लोह पोटात साठवणारी पोकळ, गोलाकार प्रथिने. बॅक्टेरिओफेरिटिन हे त्यांपैकीच एक.

या प्रथिनावर प्रकल्प करणाऱ्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. चुका नव्या नसतात. ज्या चुका मी स्वतः विद्यार्थी असताना केल्या, त्याच पुन्हा दिसतात, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच कारण असते : हे लोह या क्षणी कुठे आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हे दोन प्रश्न पायरीपायरीला विचारले गेलेले नसतात.

नावावरून ओळख पटवू नका

पहिला गोंधळ नावांचा आहे, आणि तो वरवर वाटतो त्यापेक्षा खोल आहे. रक्ततपासणीच्या अहवालात जे फेरिटिन आपण वाचतो ते मानवी प्रथिन आहे. त्यात एच आणि एल अशी दोन प्रकारची सबयुनिट (ज्या सुट्या साखळ्या जुळून गोल बनतो त्या) असतात आणि त्यांपैकी एल सबयुनिटमध्ये फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे केंद्र नसते. जिवाणूंमध्ये मात्र या घराण्यातील तीन शाखा प्रामुख्याने आढळतात. एक, साधे जिवाणू-फेरिटिन, ज्यात २४ सबयुनिट असतात पण हीम (मध्यभागी लोह धरणारा सपाट रेणू, हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा) नसते. दुसरे, बॅक्टेरिओफेरिटिन, ज्यात २४ सबयुनिट आणि जास्तीत जास्त १२ हीम असतात. तिसरे, डीपीएस, जे अवघ्या १२ सबयुनिटचे, आकाराने लहान आणि सुमारे ५०० लोह-अणू सामावणारे असते, आणि जे ऑक्सिजनपेक्षा हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर करून लोहाचे ऑक्सिडीकरण करते. डीपीएसचे मुख्य काम लोह साठवणे हे नसून डीएनएचे रक्षण करणे हे आहे, असे मानण्यास भरपूर आधार आहे. त्यामुळे तिन्हींना सरसकट ‘लोहसाठवण प्रथिन’ म्हणून एकाच तक्त्यात बसवले की निष्कर्ष तिथेच बिघडतात.

जनुकाच्या नावावर विसंबणे याहून घातक ठरते. क्षयरोगाच्या जिवाणूत बीएफआर-ए आणि बीएफआर-बी अशी दोन नावे आहेत, म्हणून दोन्ही बॅक्टेरिओफेरिटिन आहेत असे सहज लिहिले जाते. प्रत्यक्षात हीम धारण करणारे बीएफआर-ए आहे, तर बीएफआर-बी हे हीम नसलेले फेरिटिन आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूतही असाच प्रकार घडला होता. त्यातील ज्या प्रथिनाला बीएफआर-ए म्हटले जात असे, ते बॅक्टेरिओफेरिटिन नसून साधे फेरिटिन आहे हे २०११ मध्ये दाखवण्यात आले आणि त्याला एफटीएन-ए हे नाव मिळाले. म्हणून नव्या जिवाणूच्या जनुकसंचात ‘बॅक्टेरिओफेरिटिन’ असे लेबल दिसले की लगेच त्यावर विश्वास न ठेवता अमिनो आम्लांची साखळी ई. कोलाय या प्रयोगशाळेतील नेहमीच्या जिवाणूच्या प्रथिनाशी जुळवून पाहावी आणि ५२व्या स्थानाशी समकक्ष जागेवर मेथिओनिन आहे की नाही हे तपासावे. हीमला धरून ठेवणारे अमिनो आम्ल तेच आहे.

रचना : २४ हा आकडा नुसता पाठ करू नका

ई. कोलायच्या बॅक्टेरिओफेरिटिनमधील प्रत्येक सबयुनिट १५८ अमिनो आम्लांचे आणि सुमारे १८.५ किलोडाल्टन वजनाचे असते. चार लांब अल्फा हेलिक्स (साखळीची मळसूत्री वेटोळी) एकमेकांना बिलगून जुडी करतात आणि पाचवे आखूड हेलिक्स टोकाशी असते. अशी २४ सबयुनिट एकत्र येऊन सुमारे ४५० किलोडाल्टनचा गोल तयार होतो, ज्याचा बाहेरचा व्यास सुमारे १२ नॅनोमीटर आणि आतल्या पोकळीचा व्यास सुमारे ८ नॅनोमीटर असतो. म्हणजे भिंत जेमतेम २ नॅनोमीटर जाडीची. या पोकळीत २,००० हून अधिक लोह-अणू फेरिक खनिजाच्या रूपात मावतात. घोड्याच्या प्लीहेतील फेरिटिनसाठी दिला जाणारा सुमारे ४,५०० हा कमाल आकडा बॅक्टेरिओफेरिटिनच्या नावावर खपवला जातो, तो खपवू नये. शिवाय कमाल क्षमता आणि पेशीतून काढलेल्या नमुन्यात खरोखर असलेले लोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुन्यात ते सहसा पुष्कळच कमी असते.

संगणकावर रचना पाहताना होणारी चूक अगदी साधी, पण महाग पडणारी आहे. प्रोटीन डेटा बँकेतील फाइल उघडल्यावर पडद्यावर दिसते ते स्फटिकातील असममित एकक, म्हणजे ज्याच्या पुनरावृत्तीतून स्फटिक उभा राहतो तो लहानात लहान तुकडा असतो, आणि त्यात कधी एकच साखळी असते, कधी दोन, कधी पूर्ण चोवीस. एकच साखळी दिसत असताना ‘हीमचा कप्पा अर्धवट आहे’ असा निष्कर्ष काढणारा अहवाल मी वाचला आहे. कप्पा अर्धवट दिसणारच, कारण हीम दोन सबयुनिटच्या सांध्यावर बसते आणि त्यातील लोहाला दोन्ही बाजूंनी एकेक मेथिओनिन धरून ठेवते. दोन मेथिओनिनच्या आधारावर बसलेले हीम ही निसर्गातील दुर्मीळ मांडणी आहे, आणि ती समजण्यासाठी किमान सबयुनिटची जोडी तरी समोर हवी. म्हणून जैविक जुळणीची, म्हणजे पूर्ण गोलाची फाइलच उतरवून घ्यावी. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीच्या डेटाबेसमधील रचनेचे भाकीत वापरणाऱ्यांनी तर अधिक सावध राहिले पाहिजे, कारण तिथे साखळी सहसा सुटी असते आणि हीम, लोह, पाणी यांपैकी काहीच नसते.

या भिंतीला अनेक छिद्रे आहेत. तीन सबयुनिट मिळतात तिथे ८ मार्ग, चार मिळतात तिथे ६ मार्ग, आणि बॅक्टेरिओफेरिटिनचे वैशिष्ट्य असलेली, मानवी फेरिटिनमध्ये न आढळणारी २४ बी-छिद्रे. मानवी फेरिटिनवरील लेखन वाचून ‘लोह त्रिगुणित सममितीच्या मार्गातूनच आत जाते’ हे वाक्य जसेच्या तसे इकडे उचलले जाते. जिवाणूंच्या प्रथिनात ते गृहीत धरता येत नाही. स्यूडोमोनासच्या बीएफआर-बीमध्ये (क्षयरोगाच्या जिवाणूतील याच नावाच्या प्रथिनासारखे हे नाही, हे खरे बॅक्टेरिओफेरिटिन आहे) ऑक्सिडीकरण केंद्रावरील १३० क्रमांकाचे हिस्टिडिन दारासारखे हलते आणि त्या केंद्रातूनच लोह पोकळीत उतरते, असे स्फटिकरचनांवरून दिसते. ई. कोलायच्या प्रथिनात मात्र हे दोन-लोहांचे केंद्र जागच्या जागी राहून उत्प्रेरकाचे काम करते आणि लोह आत जाण्याचा मार्ग वेगळा असतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन प्रथिनांतही कार्यपद्धती एकसारखी नाही, आणि एका जिवाणूवरचा निष्कर्ष दुसऱ्यावर लादण्याआधी हे पडताळून पाहणे भाग आहे.

हीमचे काम उलटे समजू नका

सर्वांत जास्त वेळ मला या मुद्द्यावर घालवावासा वाटतो, कारण इथे चूक झाली की प्रथिनाचा अर्थच हरवतो. प्रश्न असा असतो : बॅक्टेरिओफेरिटिनमध्ये हीम कशासाठी आहे? उत्तरपत्रिकेत हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘लोह आत घेण्यासाठी’. हे उत्तर चुकीचे आहे. ई. कोलायच्या प्रथिनातील ५२वे मेथिओनिन बदलून हीमविरहित रूप तयार केले गेले, तेव्हा चोवीस सबयुनिटचा गोल व्यवस्थित जुळला आणि लोह आतही जात राहिले. आत घेण्याचे काम प्रत्येक सबयुनिटच्या पोटातील दोन-लोहांचे ऑक्सिडीकरण केंद्र करते. हीम लागते ते लोह बाहेर काढण्यासाठी.

आपल्याकडे घरात धान्याची पत्र्याची कोठी असे, तिचे झाकण वर आणि धान्य काढण्याचे लहान तोंड तळाशी. भरण्याची वाट वेगळी, काढण्याची वेगळी. बॅक्टेरिओफेरिटिनला ही उपमा बऱ्याच अंशी लागू पडते, पण एका ठिकाणी ती अपुरी आहे : कोठीत गेलेला गहू गहूच राहतो, इथे मात्र दोन्ही वाटांवर मालाचे रूप बदलते. आत जाताना फेरसचे फेरिक होते, बाहेर येताना फेरिकचे पुन्हा फेरस व्हावे लागते. या दुसऱ्या बदलासाठी बाहेरून इलेक्ट्रॉन पोकळीत पोहोचला पाहिजे, आणि २ नॅनोमीटरच्या भिंतीतून त्याला आत नेणारी पायरी म्हणजे हीम.

हा इलेक्ट्रॉन येतो कुठून, हे स्यूडोमोनासमध्ये अतिशय स्पष्टपणे उलगडले गेले आहे. एनएडीपीएच या पेशीतील इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडून तो एफपीआर नावाच्या रिडक्टेजकडे (इलेक्ट्रॉन पुढे देणाऱ्या विकराकडे) जातो, तिथून बीएफडी या सुमारे ७० अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनातील दोन-लोह दोन-गंधक गुच्छाकडे, तिथून हीमकडे आणि शेवटी पोकळीतील खनिजाकडे. बीएफआर-बी आणि बीएफडी एकमेकांना चिकटलेल्या स्थितीतील स्फटिकरचना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बीएफडी बरोबर हीमच्या डोक्यावर बसलेले दिसते, आणि एका गोलावर अशा १२ जागा आहेत. बीएफडीचे जनुक काढून टाकलेल्या जिवाणूत लोह बॅक्टेरिओफेरिटिनमध्ये साचत जाते आणि परत निघत नाही. परिणामी भोवतालच्या माध्यमात लोह पुरेसे असूनही पेशीचा द्रव भाग लोहासाठी उपाशी राहतो.

इथे विद्यार्थ्यांकडून होणारी चूक अशी की ते अशा उत्परिवर्तित जिवाणूतील एकूण लोह मोजतात, ते जास्त भरते, आणि अहवालात ‘या पेशीत लोहाची मुबलकता आहे’ असे लिहितात. कोठार गच्च भरलेले आहे आणि घरात उपासमार आहे, ही स्थिती एकूण लोहाच्या आकड्यातून कधीच कळत नाही. त्यासाठी साठवलेले लोह वेगळे मोजावे लागते : पेशींचा अर्क न उकळता नेटिव्ह जेलवर (जिथे प्रथिनाचा गोल अखंड राहतो) चालवून, पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्लाच्या मिश्रणाने रंगवून, निळा पट्टा पाहावा लागतो. मोकळे लोह मोजण्यासाठी पेशींना डेस्फेरिऑक्सामिन हा लोह पकडणारा पदार्थ देऊन इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सने मापन करण्याची पद्धत आहे. आणि एकूण लोह मोजतानाही पेशी आधी ईडीटीएसारख्या द्रावणाने धुतल्या नाहीत, तर पेशींच्या बाहेर चिकटलेला फेरिक गाळही त्यांच्याच खात्यावर जमा होतो.

अजून एक गोष्ट. हीम म्हणजे नेहमीचे प्रोटोपॉर्फिरिनचेच हीम असणार, हेही गृहीत धरू नये. डेसल्फोव्हिब्रिओ डेसल्फ्युरिकन्स या ऑक्सिजनविरहित वातावरणात राहणाऱ्या जिवाणूच्या बॅक्टेरिओफेरिटिनमध्ये लोह-कोप्रोपॉर्फिरिन सापडले आहे.

प्रयोगशाळेत : लोहाचे द्रावण

बारावीच्या प्रात्यक्षिकात मोहर सॉल्टचे पोटॅशियम परमँगनेटशी अनुमापन करताना विरल सल्फ्युरिक आम्ल घालायला सांगितले जात असे, ते कशासाठी हे अनेकांनी तेव्हा विचारलेले नसते. तेच मोहर सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, पुढे संशोधनात हाती येते आणि ते साध्या डिस्टिल्ड पाण्यात किंवा उदासीन बफरमध्ये विरघळवले जाते. काही मिनिटांत द्रावण पिवळसर होते. माझ्या पहिल्या प्रयोगात मी असे पिवळसर द्रावण तीन दिवस वापरले होते आणि प्रथिन ‘काम करत नाही’ असा निष्कर्ष काढला होता. प्रथिन ठीक होते, फेरस लोहच शिल्लक नव्हते. द्रावण दर वेळी ताजे, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात, नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून ऑक्सिजन काढलेल्या पाण्यात बनवावे, आणि त्याचा रंग अगदी फिका हिरवट किंवा रंगहीन असल्याची खात्री करून घ्यावी.

बफरची निवडही इथेच चुकते. फॉस्फेट बफर हाताशी असतो म्हणून तो वापरला जातो, पण फॉस्फेटमुळे फेरस लोहाचे आपोआप होणारे ऑक्सिडीकरण वाढते आणि फेरिक फॉस्फेटचा साका बसतो. ट्रिसदेखील लोहाशी काही प्रमाणात बांधले जाते. ६.५ सामूचा एमईएस किंवा त्याहून थोड्या वरच्या सामूसाठी मॉप्स हे पर्याय अधिक भरवशाचे आहेत. आणि कोणताही बफर वापरला तरी प्रथिन न घालता, फक्त बफर आणि लोह यांचा तुलनात्मक प्रयोग केल्याशिवाय एकही आलेख काढू नये. प्रथिनाच्या मदतीने झालेले ऑक्सिडीकरण आणि लोहाचे स्वतःहून झालेले गंजणे यांतला फरक फक्त त्या प्रयोगातूनच कळतो.

मात्र फॉस्फेट टाळण्याच्या सल्ल्याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती लक्षात न घेतल्याने नवीच चूक होते. जिवाणूंच्या पेशीतून काढलेल्या बॅक्टेरिओफेरिटिनमधील खनिज फॉस्फेटने समृद्ध आणि अस्फटिकी असते. स्यूडोमोनासच्या नमुन्यात लोह आणि फॉस्फेटचे प्रमाण जवळपास बरोबरीचे आढळले आहे, तर घोड्याच्या प्लीहेतील फेरिटिनमध्ये फॉस्फेट तुलनेने फारच थोडे असते आणि खनिज फेरीहायड्राइटच्या जातीचे असते. त्यामुळे फॉस्फेटविरहित बफरमध्ये प्रयोगशाळेत भरलेल्या गाभ्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून चित्र घेऊन ‘जिवाणूच्या पेशीतील गाभा असा असतो’ असे म्हणता येत नाही. ऑक्सिडीकरणाचा वेग मोजायचा असेल तेव्हा फॉस्फेट नको. गाभ्याचे स्वरूप अभ्यासायचे असेल तेव्हा मात्र पेशीतून काढलेला नमुनाच हवा.

आकडेमोड

एक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्रथिन असेल, तर पूर्ण गोलांच्या हिशेबाने ते सुमारे २.२ मायक्रोमोलर आणि सबयुनिटच्या हिशेबाने सुमारे ५३ मायक्रोमोलर होते. दोन-लोहांची २४ केंद्रे भरण्यासाठी प्रत्येक गोलामागे ४८ लोह-अणू लागतात, म्हणजे सुमारे १०७ मायक्रोमोलर फेरस लोह. आता एखाद्याने ५३ हा आकडा गोलांचा समजून ४८ ने गुणले, तर तो सुमारे २.५ मिलिमोलर लोह एकदम ओततो. प्रत्येक गोलामागे हजारांहून अधिक अणू एका दमात. तपकिरी गाळ तळाशी बसतो आणि दोष प्रथिनाच्या माथी येतो. नोंदवहीत प्रत्येक ठिकाणी ‘गोलामागे’ की ‘सबयुनिटमागे’ हा शब्द लिहिलाच पाहिजे.

गाभा भरायचा असेल तेव्हा लोह ५० ते १०० अणूंच्या हप्त्यांत, मध्ये पुरेसा वेळ सोडून घालावे. इथे दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे ऑक्सिजन. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे २५० मायक्रोमोलर असतो, आणि अभिक्रियेच्या मार्गानुसार एक ऑक्सिजन रेणू दोन किंवा फार तर चार लोह-अणूंना पुरतो. म्हणजे झाकलेल्या क्युव्हेटमध्ये १ मिलिमोलरपलीकडचे लोह ऑक्सिजन संपल्यामुळे तसेच राहते, आणि आलेख सपाट झाला की ‘प्रथिन संपृक्त झाले’ असा समज होतो. झाकण काढून, हवा मिसळून वक्र पुन्हा चढतो का हे पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे आम्लता. लोहाच्या प्रत्येक अणूचे खनिजात रूपांतर होताना दोन प्रोटॉन सुटतात, त्यात लोहाच्या द्रावणातील आम्लाची भर पडते, आणि ५ किंवा १० मिलिमोलरचा दुबळा बफर हे ओझे पेलू शकत नाही. सामू खाली घसरला की ऑक्सिडीकरण मंदावते. प्रयोग संपल्यावर सामू पुन्हा मोजण्याची सवय लावून घेतली, तर ही चूक त्याच दिवशी सापडते.

गाभा तयार होताना ३४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषण वाढते, पण गाळामुळे प्रकाश विखुरला गेला तरी तोच आकडा वाढतो. म्हणून जिथे हीम आणि गाभा फारसे शोषत नाहीत अशा ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा आकडाही पाहावा. तो वर चढत असेल तर लोह पोकळीत जात नसून बाहेर साचते आहे. नमुना सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवातील लोह मोजले, की उरलेली शंका मिटते.

प्रथिन किती, आणि ते खरोखर जुळलेले आहे का

२८० नॅनोमीटरवरील शोषणावरून प्रथिनाचे प्रमाण काढणे इतके अंगवळणी पडलेले असते की इथेही तेच केले जाते. हीम आणि फेरिक गाभा दोन्ही त्या तरंगलांबीवर शोषतात, त्यामुळे लोहाने भरलेल्या नमुन्यात प्रथिन आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते. बीसीए पद्धतीतही लोह ढवळाढवळ करते. ब्रॅडफर्ड पद्धत तुलनेने सुरक्षित आहे, आणि त्याहून चांगले म्हणजे आधी गाभा काढून टाकणे : सोडियम डायथायोनाइटने क्षपण करून (फेरिकचे फेरस करून) बायपिरिडिल या फेरस लोह पकडणाऱ्या पदार्थाच्या उपस्थितीत डायलिसिस केले की रिकामे प्रथिन हाती येते. डायथायोनाइट ओलसर हवेत लवकर बिघडते, म्हणून जुन्या बाटलीतील पावडरीने काम झाले नाही तर आश्चर्य वाटू देऊ नये.

गोल मोडून सबयुनिट सुटी करणाऱ्या एसडीएस जेलवर १८ किलोडाल्टनच्या जवळ एकच स्वच्छ पट्टा आला म्हणजे प्रथिन तयार झाले असे नाही. तो पट्टा फक्त सबयुनिट शुद्ध असल्याचे सांगतो. ई. कोलायचे बॅक्टेरिओफेरिटिन द्रावणात पूर्ण गोलांसोबत दोन-दोन सबयुनिटच्या जोड्यांच्या रूपातही आढळते, आणि जोडीला पोकळी नसते. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल-फिल्ट्रेशनवर ४५० किलोडाल्टनच्या जागी शिखर येते का, हे पाहिल्याशिवाय लोहाच्या प्रयोगाला हात घालू नये.

प्रयोगशाळेत ई. कोलायकडून हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करवून घेताना हीम कमी पडते, कारण पेशीची हीम बनवण्याची गती प्रथिनाच्या गतीला पुरी पडत नाही. माध्यमात डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल (ज्यापासून पेशी हीम बनवते) आणि लोह मिसळल्याने परिस्थिती सुधारते. तरीही गोलामागे किती हीम आहे हे पिरिडिन हीमोक्रोम पद्धतीने मोजून नोंदवावे. ‘१२ हीम असलेले प्रथिन’ असे पुस्तकातले वाक्य लिहून मोकळे होऊ नये. ऑक्सिडीभूत नमुन्यात ४१८ नॅनोमीटरच्या आसपास आणि क्षपणानंतर ५५७ ते ५५९ नॅनोमीटरजवळ ठळक शिखर दिसते. याच शिखरामुळे हे प्रथिन दीर्घकाळ सायटोक्रोम (श्वसनात इलेक्ट्रॉन वाहणारे हीमयुक्त प्रथिन) समजले गेले होते, आणि अॅझोटोबॅक्टरमधील सायटोक्रोम बी-५५७.५ हे वास्तविक बॅक्टेरिओफेरिटिन असल्याचे १९७९ मध्ये दाखवले गेले.

शुद्धीकरणाच्या सोयीसाठी हिस्टिडिन टॅग (धातूला चिकटणारी हिस्टिडिनची छोटी शेपटी) जोडताना तो कोणत्या टोकाला जोडतो आहोत याचा विचार करावा. एन-टोक गोलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असते; सी-टोक चार सबयुनिट मिळतात त्या मार्गाजवळ आतल्या बाजूला वळलेले असते. सी-टोकावरचा टॅग जुळणीत अडथळा आणू शकतो, आणि टॅग कोणत्याही टोकाला असला तरी तो स्वतः धातू पकडतो. लोहाच्या बंधनाचा अभ्यास करायचा असेल तर टॅग कापून टाकावा किंवा मुळातच लावू नये.

लोह बाहेर काढताना

डायथायोनाइटसारखे तीव्र क्षपणक घालून लोह बाहेर आले, म्हणजे पेशीतही ते असेच बाहेर येते, असा निष्कर्ष काढू नये. पेशीत डायथायोनाइट नसते. शरीरक्रियेशी सुसंगत प्रयोग हवा असेल तर एनएडीपीएच, एफपीआर आणि बीएफडी हे तिन्ही घटक हवेत. बायपिरिडिलशी बांधले गेलेले फेरस लोह ५२२ नॅनोमीटरवर आणि फेरोझिनशी बांधले गेलेले ५६२ नॅनोमीटरवर मोजता येते. मात्र ऑक्सिजन पूर्णपणे वगळला नाही, तर सुटलेले लोह पुन्हा ऑक्सिडीभूत होऊन त्याच प्रथिनात शिरते आणि वेग आहे त्यापेक्षा कमी भासतो. क्षपणक न घातलेली तुलनात्मक नळी सोबत ठेवावी, आणि ती उजेडात ठेवू नये.

एका जिवाणूचे उत्तर दुसऱ्याला लावू नका

ई. कोलायमधून बॅक्टेरिओफेरिटिनचे जनुक काढले तर पेशीतील लोहसाठ्यात लक्षणीय फरक पडत नाही. त्याचे साधे फेरिटिन एफटीएन-ए काढले तर लोहसमृद्ध माध्यमात वाढलेल्या, स्थिरावस्थेतील (वाढ थांबलेल्या) पेशींतले लोह जवळपास निम्म्यावर येते. यावरून ‘बॅक्टेरिओफेरिटिन दुय्यम आहे’ असे सर्वसाधारण विधान अनेक ठिकाणी केले जाते. साल्मोनेलात मुख्य साठा बॅक्टेरिओफेरिटिनमध्येच असतो, आणि स्यूडोमोनासमध्येही तसेच आहे. उत्परिवर्तित जिवाणूची वाढ फक्त समृद्ध माध्यमात तपासून ‘परिणाम नाही’ लिहिणे ही याच चुकीची धाकटी बहीण होय. कोठार रिकामे असल्याचा त्रास दुष्काळात होतो, म्हणून पेशी आधी लोहसमृद्ध माध्यमात वाढवून मग लोह बांधून ठेवणाऱ्या पदार्थाच्या उपस्थितीत हलवून पाहाव्यात.

स्यूडोमोनासची कथा २०११ मध्ये संपली नाही. एफटीएन-ए आणि बीएफआर-बी ही दोन वेगळी प्रथिने आहेत हे सिद्ध झाले होते, ते प्रत्येकाचे जनुक ई. कोलायमध्ये स्वतंत्रपणे चालवून. तिथे दुसरे सबयुनिट हजरच नसल्यामुळे प्रत्येकाने आपापला चोवीसचा गोल बांधला. पुढे त्याच संशोधकगटाने प्रथिन थेट स्यूडोमोनासच्याच पेशींतून शुद्ध केले, तेव्हा एकाच गोलात दोन्ही प्रकारची सबयुनिट मिसळलेली आढळली, आणि त्यांचे परस्पर प्रमाण पेशींना किती ऑक्सिजन मिळतो यावर बदलत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हीम फक्त बीएफआर-बीच्या जोडीवरच बसू शकते. त्यामुळे अशा मिश्र गोलात हीमची संख्या, बीएफडी बसण्याच्या जागा आणि म्हणून लोह बाहेर पडण्याचा वेगही या मिश्रणावर अवलंबून असू शकतो. ज्या जिवाणूत फेरिटिन आणि बॅक्टेरिओफेरिटिन अशी दोन्ही जनुके आहेत, त्याच्यावर काम करणाऱ्याने निदान एकदा तरी मूळ जिवाणूच्याच पेशींतून, टॅगशिवाय प्रथिन शुद्ध करून मास स्पेक्ट्रोमीटरवर सबयुनिट मोजावीत, आणि वाढीच्या फ्लास्कमध्ये किती माध्यम होते व तो किती वेगाने हलवला जात होता हेही नमुन्याच्या नोंदीत लिहून ठेवावे.